पहिली वेलांटी

४ मार्च

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. हे दोन्ही शब्द शब्दकोशात बघून लिहिलेत आणि पुढचं पत्रही तो मांडीवर घेऊनच लिहिते आहे, तेव्हा लाल पेन जरा खाली ठेवा.

बातमी अशी, की आमचे मालक दुकान विकताहेत. गुडघे ऐकत नाहीत म्हणतात. दुकान म्हणजे एक शटर, तीन स्टँड, भिंतीवर टांगलेली चाकं, पंक्चर शोधायचा पाण्याचा टब आणि त्या टबाशेजारी आठ वर्षं सायकली दुरुस्त करत बसलेली तुमची भाची. पहिला हक्क माझा, असं ते स्वतः म्हणाले. एप्रिलअखेरपर्यंत थांबतील, मग शेजारचा फर्निचरवाला टपून बसलाच आहे. माझी सगळी बचत किमतीच्या पाऊणपट भरते. पाव हिस्सा कमी पडतोय. मामा, मला हे दुकान हवंय. एवढं मनापासून मी आजवर काही मागितलेलं तुम्हाला आठवतं का?

पाव हिश्शाचा मार्गही सापडलाय. आमच्याकडे एक पार्सलवाला येतो, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, दर पंधरा दिवसांनी मागचं चाक वाकडं करून आणतो. त्यानं मला 'फिरकी' दाखवली. मोबाइलवर एक चक्र फिरतं, आकड्यावर डिजिटल नाणी लावायची. जुगारच, पण जुन्या अड्ड्यांसारखा नाही. हा ब्लॉकचेनवर चालतो. म्हणजे प्रत्येक व्यवहार ही एक कडी, एकापुढे एक जोडलेली, सगळ्यांना दिसणारी, आणि एकदा जोडली की कुणालाच काढता न येणारी. साखळीच म्हणा ना, रोज माझ्या हाताला जिचं ग्रीस लागतं तशी. त्यामुळे चक्रात लबाडी करता येत नाही. मी स्वतः ताडून पाहिलं, बरोबर निघालं. थोडी नाणी लावली, दुप्पट झाली. मग सगळ्या बचतीची नाणी घेतली. ती माझ्या फोनमधल्या डिजिटल पाकिटात आहेत. पाकीट वेगळ्या कंपनीचं आहे, खेळायचं तेव्हा त्यातून फिरकीत टाकायची.

आता तुमचं काम. फोन हरवला तर पाकीट उघडायला बारा शब्द लागतात, आपल्याच भाषेतले. ते नसतील तर नाणी कायमची गेली. हे शब्द फोनमध्ये ठेवायचे नाहीत, फोनवर बोलायचे नाहीत, कागदावर लिहून विश्वासू माणसाकडे द्यायचे. माझ्याकडे कागद टिकत नाही. तुमच्याकडून चाळीस वर्षांत एक चिठ्ठी हरवलेली नाही. सोबतच्या चिठ्ठीवरून ते तुमच्या वहीत उतरवून घ्या आणि चिठ्ठी जाळून टाका.

मामींना नमस्कार. तुमचे आशिर्वाद असू द्या.

तुमची,
वेलांटी

९ मार्च

चि. वेलांटी,

अनेक आशीर्वाद. नीट बघ, शी दुसरी. सबंध पत्रात ही एकच चूक आहे, म्हणजे शब्दकोश शेवटच्या ओळीच्या आधी मांडीवरून उतरवलास. तुझं टोपणनाव काही मी उगाच ठेवलेलं नाही. पत्र दुरुस्त करून सोबत परत पाठवतो आहे, नेहमीप्रमाणे फाईलला लाव.

शब्द वहीत उतरवले. चिठ्ठी तुझ्या मामीनं माझ्यासमोर जाळली.

दुकानाचं वाचून आनंद झाला. फिरकीचं वाचलं आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तुझं चक्र सरळ फिरत असेल, त्याबद्दल मी काय बोलणार. पण ते फिरवतं कोण? नाव काय, पत्ता काय? छापखान्यात आम्ही लग्नपत्रिकेवरसुद्धा खाली छापणाऱ्याचं नाव टाकायचो, चूक निघाली तर माणसानं कुठे यायचं ते कळावं म्हणून. आणि तू ज्याचं कौतुक करतेस, जोडलेली कडी काढता येत नाही, त्यानंच मला घाम फुटला. मी जन्मभर प्रुफं वाचली. चूक होतेच. जिथे झालेली चूक दुरुस्तच करता येत नाही, तिथे मी एक पान वाचायला बसणार नाही, आणि तू आठ वर्षांची बचत घेऊन बसली आहेस.

एक साधी गोष्ट विचारतो. पाव हिस्सा मागाहून देते, असं मालकांना विचारलंस का?

तुझा,
मामा

ता. क. पोरी, मी मामी. यांचं मनावर घे, पण फार नको. परवा वाण्याच्या बिलातल्या चुका सुधारून यांनी ते त्याला परत दिलं. लाल पेन ही माझी सवत आहे आणि ती माझ्याआधी या घरात आली.

१५ मार्च

मामा,

नमस्कार. घोटाळा झाला. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते, तेवढ्यात अॅप्रनच्या खिशातून फोन टबात पडला. थोडे बुडबुडे त्यालाही आले आणि मग तो गेला. मालक म्हणाले, याला पॅच बसणार नाही.

नवा फोन घेतला आहे. आता बारा शब्द हवेत, लवकर. दहा एप्रिलला फिरकीची महाफेरी आहे. जो आपली नाणी आधीच आत ठेवेल त्याला वर चाळीस टक्के बोनस. माझा पाव हिस्सा त्यातच निघतो, चक्र फिरायच्या आधीच. फेरी होईपर्यंत नाणी बाहेर काढता येत नाहीत, एवढीच अट. पार्सलवाल्यानं परवाच सगळी ठेवली. मीही त्याच संध्याकाळी ठेवणार होते, दुपारी फोन बुडाला.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. फिरकी चालवणाऱ्यांची नावं लिहिलेली नाहीत, फोटोंच्या जागी घुबडांची चित्रं आहेत. तक्रारीसाठी एक खिडकी आहे, तिथे यंत्र उत्तर देतं आणि फार गोड बोलतं. मालकांना विचारणार नाही. ज्यांनी मला पाना धरायला शिकवला त्यांच्याकडेच सवलतीसाठी तोंड वेंगाडू? त्यापेक्षा चक्र बरं.

शब्द पत्रानंच पाठवा. फोनवर बोलायचे नाहीत हा नियम आहे.

वेलांटी

१९ मार्च

चि. वेलांटी,

अनेक आशीर्वाद. शब्द माझ्या वहीतून जसेच्या तसे देतो आहे, क्रमानं:

कंदील, मांजर, पायरी, समुद्र, आशीर्वाद, खडू, वारा, चमचा, टेकडी, घड्याळ, पिवळा, झरा.

घुबडांबद्दल वाचून झोप उडाली, ती तुझ्या मामीच्या घोरण्यानंही उडाली नव्हती. बोनसचं गणित मला कळलं ते असं: ते तुला चाळीस रुपये देतात, जे तू काढू शकत नाहीस, आणि त्या बदल्यात तुझे शंभर घेतात, तेही तू काढू शकत नाहीस. मग मिळालं काय?

पण पैसे तुझे आहेत. मी शब्द सांभाळायला घेतले होते, ते परत केले.

मामा

२४ मार्च

मामा,

पाकीट उघडत नाही. 'शब्द चुकीचे आहेत', एवढंच म्हणतं. कुठला, ते सांगत नाही. वीस वेळा घातले. अक्षर न् अक्षर तुमच्या पत्रात बघून घातलं, तुमच्या मात्रा, तुमच्या वेलांट्या. आयुष्यात पहिल्यांदा मी तंतोतंत तुमच्यासारखं लिहिलं आणि पहिल्यांदाच नापास झाले.

कंपनीला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की शब्द तुमच्याशिवाय कुणाकडेच नसतात, आम्ही काही करू शकत नाही. मामा, आठ वर्षांची पंक्चरं आहेत त्यात. वही पुन्हा बघा. एखादा शब्द खालीवर झालाय का, ओळ सुटली आहे का?

पार्सलवाल्याला धाकटीची फी भरायची आहे. फेरीआधी काढायची तर थोडा दंड बसेल असं फिरकीवर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, म्हणून त्यानं अर्ज केला. 'पडताळणी चालू आहे' असं उत्तर येतंय. आठ दिवस झाले.

तुमचे आशिर्वाद असू द्या, आता खरंच हवेत.

वेलांटी

२८ मार्च

चि. वेलांटी,

पत्र मिळालं. वही पाहिली. शब्द बाराच आहेत आणि क्रम तोच आहे.

इकडे सगळं छान. मामीनं दिवाणखान्याचे पडदे बदलले, आता खोलीत पिवळा उजेड येतो. कुंडीतल्या मोगऱ्याला तीन कळ्या आल्या आहेत. हवा बरी आहे. तुझी महाफेरी दहा तारखेलाच आहे ना, की पुढेमागे? सहज विचारतो. पार्सलवाल्याचं काय झालं ते कळव.

काळजी करू नकोस. नाणी पाकिटात आहेत तोवर कुठे जात नाहीत.

तुझं पत्र सोबत परत पाठवतो आहे.

मामा

२ एप्रिल

मामा,

तुमची तब्येत बरी आहे ना? खरं सांगा.

मोगरा, पडदे आणि हवा. तुम्ही हवेबद्दल कधी लिहिता? पण ते सोडा. तुम्ही माझं पत्र परत पाठवलंत ते उलटसुलट करून बघितलं. त्यावर एकही लाल खूण नाही. शेवटच्या ओळीत मी 'आशिर्वाद' लिहिलंय, दर वेळी लिहिते तसंच, आणि तुम्ही त्याला हात लावलेला नाही. मामींना विचारा डॉक्टरकडे घेऊन जायला.

पार्सलवाल्याचं विचारलंत. फिरकीच्या यंत्रानं त्याला सांगितलं की पैसे सुटायला आधी दहावा हिस्सा आणखी भरावा लागेल, तो परत मिळेल. त्यानं उसने घेऊन भरले. मग आणखी एक हिस्सा मागितला, कसल्याशा शुल्काचा. काल तो स्टँडजवळ बसून होता, चहा निवला तरी प्यायला नाही. पोलीस चौकीतही जाऊन आला. त्यांनी विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध? हा म्हणाला, घुबडाविरुद्ध. स्वतःच हसला, पण मला हसू आलं नाही.

तरी सांगते मामा, अजूनही मन ओढ घेतं. त्याचा नंबर लागला नसेल, माझा लागेल, असं वाटतं. दहा तारीख जवळ आली की सकाळी उठून मी पहिलं पाकीट उघडायला बघते. तेवढं ते उघडत नाही.

वेलांटी

५ एप्रिल

चि. वेलांटी,

तब्येत ठणठणीत आहे. मन ठीक नाही, म्हणून हवेबद्दल लिहिलं.

मी कुठल्याही मजकुरात दुरुस्ती केली की समासात एक लाल टिंब देतो. हाताला सवय आहे, डोक्याला पत्ता नसतो. तुझं चोवीस तारखेचं पत्र वाचून वही काढली, आणि पाचव्या शब्दासमोर टिंब दिसलं. तुझ्या चिठ्ठीत 'आशिर्वाद' होतं, शि पहिली. मला वाटलं, ही वेलांटीची नेहमीची चूक, आणि वहीत उतरवताना मी ती सुधारली. ती तुझी चूक नव्हती. ज्यानं कुणी ती शब्दांची यादी केली त्याचीच ती चूक, आणि यंत्राला तीच बरोबर वाटते. तू जर माझं न बघता आपल्या मनानं टाइप केलं असतंस, तर पाकीट पहिल्या फटक्यात उघडलं असतं.

हे मला सत्तावीस तारखेला कळलं. मी तुला सांगितलं नाही. मनात म्हटलं, दहा तारीख जाऊ दे, मग सांगू. पोरीचे पैसे वाचतील, आणि तिला कळणारही नाही. नऊ दिवस मी या घरात चोरासारखा वावरलो. आज तुझं पत्र आलं, त्यात तू माझ्या तब्येतीची चौकशी केलीस, आणि मला जेवण गेलं नाही. मामीनं खोदून विचारलं. सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "तुम्ही चाळीस वर्षं सांगत आलात, मुद्रितशोधकानं अक्षर सुधारावं, लेखकाचा मजकूर बदलू नये. मग हा मजकूर कुणाचा आहे?"

मजकूर तुझा आहे. पाचवा शब्द: आशिर्वाद. शि पहिली. हे लिहिताना तीन वेळा दुसरी निघाली आणि तीन कागद फाडले. पत्र आजच टपालात टाकतो आहे, म्हणजे दहाच्या आत तुला मिळेल. पुढचं तू ठरव. मी फक्त एवढं म्हणतो की मला तुझी काळजी वाटते आणि तुझ्यावर माझा जीव आहे. हे दोन्ही मी याआधी कधी लिहिलं नव्हतं, लाल शाईत तर नाहीच.

मामा

१४ एप्रिल

तीर्थरूप मामा,

पत्र नऊ तारखेला सकाळी आलं. शटर अर्धं वर होतं. तिथेच उभ्यानं वाचलं आणि अशी चिडले की मालक पाना खाली ठेवून बघायला आले. नऊ दिवस! मी इकडे नखं खातेय आणि तुम्ही मोगऱ्याच्या कळ्या मोजताय. मालकांना वाचून दाखवलं. ते आधी गंभीर झाले, मग 'तीन कागद फाडले' इथे आले आणि त्यांना इतकं हसू आलं की स्टुलावरून उठावं लागलं, गुडघ्यांसकट.

मग मी तो शब्द टाइप केला, माझ्या पद्धतीनं. पाकीट उघडलं. सगळी नाणी जागेवर. मी टबाच्या कडेवर बसून रडले आणि नवा फोन आधी लांब ठेवला.

महाफेरी दुसऱ्या दिवशी होती. बोनस साठ टक्के केला होता. बोट बटणापर्यंत गेलं, खोटं बोलत नाही. समोर पार्सलवाल्याचं चाक स्टँडला लावलेलं होतं, त्याचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा होता. ते फिरवलं आणि सवयीनं ब्रेक धरला. आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी फिरकीचं चाक ताडून बघितलं होतं, ते सरळच होतं. ब्रेक कुणाच्या हातात आहे ते बघितलंच नव्हतं. आत जाताना कुणी अडवत नाही, बाहेर येताना घुबडं अडवतात, आणि साखळी तेवढ्याच प्रामाणिकपणे तुमच्या नाण्यांचं जाणंही लिहून ठेवते, कधीही न पुसण्यासाठी.

पण मी थांबले ते त्यामुळे नाही, मामा. तुम्ही गप्प राहिला असता तर दहा तारीख अशीच गेली असती आणि पैसे वाचले असते. तरीही तुम्ही शब्द पाठवलात. माझ्यावर कुणीतरी एवढा भरवसा टाकलाय आणि मी तो घुबडांच्या चक्रावर लावू? नाही जमलं. नाणी मोडून बँकेत आणली. थोडी घट आली, ती माझ्या शिकवणीची फी समजते.

दहा तारखेला दुपारी फिरकीचं पान कोरं झालं. चक्र नाही, खिडकी नाही. मी मार्चमध्येच नाणी टाकली असती तर आज तुम्हाला हवेबद्दल लिहीत असते. त्या एका वेलांटीनं वाचवलं.

त्याच संध्याकाळी मालकांना विचारलं. तुम्ही पहिल्याच पत्रात सांगितलेलं वाक्य, एवढंच: पाव हिस्सा मागाहून देऊ का? त्यांनी आधी हात पुसले. मग म्हणाले, "तो पाव माझाच राहू दे. दुकान सगळं विकलं तर सकाळी मी कुठे जाऊ? मी वाटच बघत होतो, तू कधी विचारतेस." आठ वर्षं शेजारी बसूनही दोघांनी तोंड उघडलं नव्हतं. कागद झाले. दुकान माझं आहे, पाव सोडून, आणि तो पाव रोज सकाळी स्टुलावर बसून मला सूचना देतो.

पार्सलवाल्याचे पैसे काही आले नाहीत. वाईट वाटतं. पण मालकांनी आणि मी मिळून जुन्या भागांची त्याला एक दणकट सायकल जोडून दिली, पुढे मोठी टोपली असलेली. थोरली मुलगी टोपलीत बसून आली आणि घंटी वाजवून शेजारच्या फर्निचरवाल्याला वीट आणला. आता तो भेटेल त्याला फिरकीची गोष्ट सांगतो, घुबडाच्या आवाजासकट. आमच्या गिऱ्हाइकांत आता कुणी असल्या चक्रात पैसे घालायचं नाव काढत नाही.

काल पेंटरनं नवा बोर्ड आणला: 'सायकल दुरूस्ती'. मी लांबूनच म्हटलं, रू नको, रु पहिला. पेंटर म्हणाला, कुणाला कळतंय. मी म्हटलं, माझ्या मामांना. पुसून पुन्हा लिहायला लावलं. मामींना सांगा, त्यांची सवत आता आमच्याकडेही नांदते.

उद्घाटन पंचवीस तारखेला. दोघांनीही यायचंच, मामींना टोपलीतून आणू. बाहेरचा बोर्ड बिनचूक आहे, हवा तेवढा तपासा. पण आत, टबाच्या वरच्या भिंतीवर, मी माझ्या हातानं मोठ्या अक्षरात एकच शब्द रंगवलाय, आणि तो तसाच राहणार आहे. येताना लाल पेन घरी ठेवा.

तुमचे आशिर्वाद असू द्या. शि पहिली.

वेलांटी